तपासणीची कॅसेट

कॅसेट प्लेअर दुरुस्त झाला की तो खरोखर नीट झालाय का, हे शेवटी कानानंच ठरवावं लागतं. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रेडिओ-टेप दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. तिथे या कामासाठी दोन कॅसेट राखून ठेवलेल्या असत. एक पंडित भीमसेन जोशींची. त्यांचा लांबवलेला षड्ज लावला की मोटरच्या वेगातला बारीकसा डगमगही लपत नाही. बेल्ट सैल आहे की पिंच रोलर झिजलाय, ते अण्णा त्या एका स्वरावरून सांगायचे. दुसरी कॅसेट डेफ लेपर्ड या रॉक बँडची 'हिस्टेरिया'. ती माझी होती.

ती का, हे सांगायचं तर टेपच्या हेडबद्दल थोडं बोलायला हवं. टेप जिच्यावरून सरकते ती हेडमधली बारीक फट टेपला अगदी काटकोनात असावी लागते. हेडच्या बाजूला एक इवलासा स्क्रू असतो, तो जरासा इकडेतिकडे झाला की काटकोन बिघडतो आणि आवाजातला वरचा भाग, झांजांची चमक, शब्दांतले 'स' आणि 'श', सगळं पांघरुणाखाली गेल्यासारखं होतं. साध्या गाण्यात हे पटकन कळत नाही. 'हिस्टेरिया'त कळतं, कारण त्या रेकॉर्डमध्ये गिटारवर गिटार आणि आवाजावर आवाज असे इतके थर चढवलेत की काटकोन चुकला तर अर्धे थर गायबच होतात. मी हेडफोन लावून स्क्रू फिरवत बसायची. एका क्षणी मागचे गाणारे आवाज एकेक करून पुढे यायचे, दोन्ही कानांत वेगवेगळी गिटार उभी राहायची, आणि हेड जागेवर आलं हे समजायचं. मी तेव्हा कॉलेजात होते. हार्ड रॉक आणि ग्लॅम मेटलवर माझं प्रेम बसलं ते असं, हातात स्क्रू-ड्रायव्हर असताना.

ही रेकॉर्ड ऑगस्ट १९८७ मध्ये आली. शेफील्डच्या या बँडमधल्या पाच पोरांनी आणि मट लँग या निर्मात्यानं तिच्यावर वर्षानुवर्षं घालवली होती. लँगची पद्धत अशी की कॉर्डचे सूर एकदम वाजवायचेच असं नाही. काही ठिकाणी एकेक सूर वेगळा रेकॉर्ड करायचा आणि मग ते एकत्र मांडायचे, म्हणजे प्रत्येक सूर स्वच्छ राहतो. आणि एवढा प्रचंड वाटणारा गिटारचा आवाज मोठमोठ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून आलेला नाही. त्यातला बराचसा रॉकमन नावाच्या, वॉकमनएवढ्या डबीतून आलाय. बोस्टन या बँडच्या टॉम शोल्झनं ती डबी तयार केली होती. शोल्झ शिकलेला इंजिनिअर. हे मला पुष्कळ नंतर कळलं, आणि मला मनापासून आनंद झाला. आमच्या दुकानातल्यासारखीच एक सर्किटची पाटी, थोडे ट्रान्झिस्टर, थोडे कपॅसिटर, आणि त्यातून हा आवाज!

डेफ लेपर्डचा ड्रमर रिक अ‍ॅलन. ३१ डिसेंबर १९८४ रोजी शेफील्डजवळ त्याच्या गाडीला अपघात झाला आणि डावा हात गेला. डॉक्टरांनी तो पुन्हा जोडून पाहिला, पण जंतुसंसर्गामुळे काढावाच लागला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. बँडनं दुसरा ड्रमर शोधला नाही. अ‍ॅलननं डाव्या हाताचं काम डाव्या पायाला शिकवलं. सिमन्स कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमची अशी मांडणी करून घेतली की जे ठोके हातानं पडायचे ते पायाखालच्या पेडलवर पडतील. ऑगस्ट १९८६ मध्ये डॉनिंग्टनच्या मोठ्या मैदानी मैफलीत तो हजारो लोकांपुढे वाजवायला बसला. 'हिस्टेरिया'तला प्रत्येक ठोका त्या अपघातानंतरचा आहे. पेडलच्या खाली एक सेन्सर असतो, त्याचा संकेत एका यंत्राकडे जातो आणि आवाज तिथून निघतो. असे सेन्सर मी नंतर इलेक्ट्रॉनिक ड्रम दुरुस्त करताना कितीदा तरी बदललेत. प्रत्येक वेळी मला तो एकवीस वर्षांचा मुलगा आठवतो.

डेफ लेपर्डच्या मंडळींना ग्लॅम मेटल हा शिक्का पसंत नाही, हे मला ठाऊक आहे. ते ब्रिटिश, त्यांचं गोत्र वेगळं. पण माझ्यासारख्या ऐकणाऱ्याला त्यांच्यापासून लॉस एंजेलिसपर्यंत जाणारी वाट सरळ होती. रॅट, डॉकन, मॉटली क्रू, सिंडरेला, व्हाइट लायन हे सगळे त्याच वाटेवर भेटले. कॅसेट हातोहात फिरायच्या. मुंबईत रॉक मशीनसारखा बँड स्वतःची इंग्रजी गाणी वाजवत होता आणि १९८८ मध्ये त्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' आला, तेव्हा हे संगीत वाजवणारे हात आपल्याकडेही आहेत असं वाटून ऊर भरून आला होता.

लोक ग्लॅम मेटल बँडविषयी बोलायला लागले की केसांपासून सुरुवात करतात. फुगवलेले केस, ओठांना रंग, चकचकीत घट्ट विजारी. ते सगळं होतं आणि मला ते आवडतंही. न्यूयॉर्क डॉल्स, स्लेड, स्वीट या आधीच्या बँडकडून आलेली ती नाटकाची हौस आहे, आणि रंगमंचावर उभं राहणाऱ्यानं सजावं यात गैर काय? पण दुरुस्तीच्या टेबलावरून मला दिसलं ते दुसरंच. या लोकांइतके कष्ट आपल्या वाद्यावर घेतलेले लोक मी कमी पाहिलेत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॅसेटचं काम आटत गेलं. सीडी आल्या, टेप डेक भंगारात निघाले. त्याच सुमाराला एक मुलगा इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. आवाज वाढवला की ती किंचाळायची. डाख देण्याचं काम आम्ही करतो एवढं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. पिकअप उघडला तर तारेचे वेढे सैल. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ते घट्ट नसले की मोठ्या आवाजात स्वतःच थरथरतात, ती थरथर पुन्हा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाते, आणि किंचाळी सुरू. यावर उपाय म्हणजे पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून ठेवायचा. मेण वेढ्यांच्या आत शिरतं, हवेचे बुडबुडे निघतात, थंड झालं की सगळं जागच्या जागी पकडलं जातं. भांडं थेट आचेवर ठेवायचं नाही, पाण्याच्या पातेल्यात ठेवायचं. मेण फार तापलं तर पिकअपचं प्लॅस्टिक वाकतं.

हा उपाय करणाऱ्यांत सगळ्यात गाजलेलं नाव एडी व्हॅन हेलन. गिटारच्या कामात शिरल्यावर मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. जन्म १९५५, अ‍ॅमस्टरडॅम. वडील डच, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे. आई इंडोनेशियातली. १९६२ मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियात पॅसाडिनाला आलं. एडीला हवी तशी गिटार कुठल्याच दुकानात मिळत नव्हती. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरचा आकार आणि तिचा सूर खालीवर करणारा ट्रेमोलो दांडा हवा, पण आवाज गिब्सनचा जाडजूड. मग त्यानं पन्नास डॉलरला खराब निघालेली बॉडी घेतली, ऐंशी डॉलरला मान घेतली, गिब्सनच्या एका गिटारमधला पिकअप काढून मेणात बुडवला आणि तारा खाली ज्यावर टेकतात त्या पुलाजवळ बसवला. बाकीची वायरिंग काढूनच टाकली, आवाजाचा एक नॉब ठेवला. त्या नॉबवर अक्षरं मात्र 'टोन'. फेब्रुवारी १९७८ मध्ये व्हॅन हेलनची पहिली रेकॉर्ड आली, तिच्यात 'इरप्शन' आहे. दोन मिनिटांहूनही कमी वेळ, एकटी गिटार. दोन्ही हातांची बोटं पट्टीवर ठेवून सूर काढायची ती रीत त्याच्या आधीही काहींना ठाऊक होती, पण जगभरची पोरं ती शिकली त्याच्याकडून. पुढे क्रेमर, शार्व्हेल, जॅक्सन या कंपन्यांनी त्याच धर्तीच्या गिटार बनवल्या आणि लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर वाजवणाऱ्या पोरांच्या गळ्यात त्या लटकल्या. आज माझ्याकडे येणाऱ्या गिटारींपैकी निम्म्यांची वंशावळ त्या जोडतोडीच्या लाकडापाशी पोहोचते.

आता फ्लॉइड रोज, म्हणजे त्याच नावाच्या माणसानं काढलेला ट्रेमोलो. याच्यावर मी तासभर बोलू शकते आणि गिऱ्हाइकांशी बोलतेही. गिटारचा ट्रेमोलो दांडा दाबला की तारा सैल पडतात, सूर खाली घसरतो. दांडा सोडला की तारा पूर्वीच्या जागी यायला हव्यात, पण वरच्या खाचेत त्या अडकतात, खुंट्यांवरचे वेढे हलतात, आणि गिटार बेसूर होते. फ्लॉइड रोज हा स्वतः गिटारवादक, दागिन्यांच्या घडणीचं काम जाणणारा. त्यानं सत्तरीच्या दशकात तारा दोन्ही टोकांना पक्क्या आवळून टाकायची युक्ती काढली, १९७९ मध्ये तिचं पेटंट मिळालं. खालचा पूल दोन खिळ्यांवर धारेनं टेकलेला असतो, बाकी अधांतरी. एका बाजूनं सहा तारांचा ताण, बारीक तारा असल्या तरी सगळा मिळून ३८ किलोच्या आसपास. दुसऱ्या बाजूनं गिटारच्या पाठीतल्या स्प्रिंगांचा ताण. दोन्ही बरोबरीत आले की पूल लाकडाला समांतर राहतो.

ही बरोबरी साधणं हेच काम. एक तार चढवली की बाकीच्या पाच उतरतात. मग त्या चढवा, की पहिली उतरते. नवीन माणूस या चक्रात सापडला की रडकुंडीला येतो. पुलाखाली लाकडाचा तुकडा सारून तो पक्का करायचा, तारा सुरात आणायच्या, मग तुकडा काढून पाठीतले स्क्रू फिरवत फिरवत स्प्रिंगा ताणायच्या, असं केलं की लवकर जमतं. आपल्याकडे पावसाळा लागला की मानेचं लाकूड दमट हवेनं हलतं, त्यामुळे जूनमध्ये जुळवलेली गिटार ऑक्टोबरच्या उन्हात परत जुळवावी लागते. शिवाय स्वस्तातल्या नकलांचं लोखंड मऊ असतं. त्यांच्या धारा झिजून बोथट होतात, मग पूल कधीच एका जागी परतत नाही. अशा वेळी मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगते, माझ्या मजुरीवर पैसे घालू नका, पूल बदला. जॉर्ज लिंचनं डॉकनमध्ये किंवा वॉरन डीमार्टिनीनं रॅटमध्ये दांडा दाबून सूर थेट तळाला नेलाय आणि पुढच्याच मात्रेला गिटार पुन्हा सुरात आहे. हे ऐकताना त्या धारा किती नीट घासलेल्या असतील हे माझ्या डोळ्यांपुढे येतं.

लॉस एंजेलिसच्या या बँडचं सगळं जिथे घडलं ती सनसेट स्ट्रिप म्हणजे वेस्ट हॉलीवूडमधला सनसेट बुलेवार्डचा जेमतेम दीड मैलाचा तुकडा. व्हिस्की अ गो गो, रॉक्सी, गॅझारीज हे क्लब तेव्हा तिथे होते. ट्रुबाडोर थोडा दूर, सँटा मोनिका बुलेवार्डवर. क्लबवाले पुढेपुढे बँडनाच तिकिटांचे गठ्ठे विकत घ्यायला लावायचे. ती तिकिटं खपवायची जबाबदारी पोरांची, नाही खपली तर पदरचे पैसे गेले. म्हणून संध्याकाळभर पत्रकं वाटत, खांबांवर चिकटवत हिंडायचं आणि रात्री वाजवायचं. ही पद्धत मला अन्यायाचीच वाटते. पण तिच्यातून तावूनसुलाखून निघालेल्यांचे हात वेगळे दिसतात.

त्या शहरातलं माझं सगळ्यात लाडकं माणूस म्हणजे रँडी ऱ्होड्स. त्याच्या आईची, डिलोरेस ऱ्होड्स यांची, नॉर्थ हॉलीवूडमध्ये 'म्यूझोनिया' नावाची संगीतशाळा होती. क्वाएट रायट हा बँड चालवत असताना रँडी दिवसा तिथे मुलांना गिटार शिकवायचा. बँडच्या पहिल्या दोन रेकॉर्ड फक्त जपानमध्ये निघाल्या, अमेरिकेत त्यांना कुणी विचारलं नाही. नंतर तो ऑझी ऑस्बोर्नबरोबर गेला, आणि जगभर नाव झाल्यावरही दौऱ्यात गावोगावी शास्त्रीय गिटारचे शिक्षक शोधून त्यांच्यापुढे विद्यार्थी म्हणून बसायचा. १९ मार्च १९८२ रोजी फ्लोरिडात विमान अपघातात तो गेला. वय पंचवीस. त्याच्या जुन्या बँडचा 'मेटल हेल्थ' पुढच्या वर्षी आला आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. हेवी मेटलच्या रेकॉर्डला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. त्यातलं 'थंडरबर्ड' हे गाणं रँडीसाठी आहे. ते लागलं की मी काम थांबवते.

बायकांविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. या ग्लॅम मेटल बँडच्या व्हिडिओंमध्ये बाई म्हणजे गाडीच्या टपावर आडवी पडलेली कुणीतरी. ते मला तेव्हाही खुपायचं, आजही खुपतं. गाणं आवडतं म्हणून मी त्याची सफाई देणार नाही. तपकीर गल्लीत गिऱ्हाईक यायचं, माझ्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "दुरुस्तीवाले कुठे गेलेत?" अण्णा मान वर न करता उत्तर द्यायचे, "तुमच्यापुढे बसलीय ती." त्या दिवसांत लिटा फोर्ड माझ्या कामाला आली. सोळाव्या वर्षी रनअवेजमध्ये गिटार वाजवायला लागलेली ही मुलगी, १९८८ मध्ये 'लिटा' घेऊन आली आणि सोलो स्वतः वाजवत होती, कुणाच्या आधाराविना. त्याच वर्षी व्हिक्सनची पहिली रेकॉर्ड आली. चौघी बायका, चौघी वादक. जॅन कीनमंडनं हा बँड मिनेसोटात उभा केला आणि तिथून लॉस एंजेलिसला आणला. तिची गिटार ऐका. घाई नाही, दाखवेगिरी नाही, सूर जिथे संपायला हवा तिथे संपतो. २०१३ मध्ये ती कर्करोगानं गेली. तिला मिळायला हवा तेवढा मान मिळाला नाही, असं माझं ठाम मत आहे.

आणि कोरस! हजारो लोकांनी एकदम गावा असा कोरस बांधणं ही स्वतंत्र विद्या आहे, तिला सोपं म्हणणाऱ्यानं एकदा बांधून पाहावा. बॉन जोव्हीच्या 'लिव्हिन ऑन अ प्रेअर'मध्ये शेवटच्या कोरसला सूर एकदम दीड स्वर वर चढतो, आणि चढायच्या आधी एक मात्रा चक्क गाळलीय. ऐकणाऱ्याचा पाय जमिनीवर पडायच्या आत गाणं वरच्या मजल्यावर पोहोचलेलं असतं. डेस्मंड चाइल्ड, जॉन बॉन जोव्ही आणि रिची सॅम्बोरा या तिघांनी ते लिहिलं. सुरुवातीचा तो बोलल्यासारखा गिटारचा आवाज म्हणजे टॉकबॉक्स. गिटारचा आवाज एका लहान स्पीकरमधून प्लॅस्टिकच्या नळीत सोडायचा, नळीचं टोक तोंडात धरायचं, ओठ आणि जीभ हलवून त्या आवाजाला आकार द्यायचा, आणि तो समोरच्या माइकनं उचलायचा. एका बँडसाठी मी असा एक बनवून दिलाय. नळी खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी वापरतात तीच घ्यायची, आणि दर कार्यक्रमानंतर धुवायची, एवढं बजावून.

१९८८-८९ नंतर रेकॉर्ड कंपन्यांनी एकासारखे एक बँड भराभर उचलले. प्रत्येकाचं एक संथ प्रेमाचं गाणं, प्रत्येकाचा तोच ड्रमचा आवाज. सप्टेंबर १९९१ मध्ये निर्व्हाणाचा 'नेव्हरमाइंड' आला आणि बघताबघता हे सगळे जुने ठरले. निर्व्हाणावर माझा राग नाही. पण कारागिरी त्या दिवशी मेली, असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेत नाही. मॉटली क्रूचा 'डॉक्टर फीलगुड' बॉब रॉकनं व्हँकुव्हरच्या लिटल माउंटन स्टुडिओत घडवला. तो आवाज ऐकूनच मेटालिकानं त्याला बोलावलं, आणि ऑगस्ट १९९१ मध्ये त्यांची काळ्या वेष्टनाची रेकॉर्ड आली. ज्यांनी या केसवाल्यांना नावं ठेवली, त्यांच्याही कपाटात ती रेकॉर्ड असते.

हल्ली माझ्याकडे येणाऱ्यांत दोन टोकं आहेत. निवृत्तीला आलेले काका, ज्यांनी तरुणपणी घेतलेली गिटार माळ्यावरून काढलीय आणि ज्यांना तारांचा गंज पाहून अपराधी वाटतं. आणि विशीतली पोरं, ज्यांना ही गाणी फोनवर सापडलीत आणि ती कुठल्या वर्षाची आहेत याच्याशी देणंघेणं नाही. अशीच एक मुलगी, फर्ग्युसनला शिकणारी, लाल रंगाची जुनी जॅक्सन घेऊन येते. तिचा फ्लॉइड रोज अस्सल आहे आणि तिनं तो जिवापाड जपलाय. तिच्या मते डॉकनपेक्षा रॅट सरस. 'आउट ऑफ द सेलर'मध्ये डीमार्टिनी आणि रॉबिन क्रॉस्बी दोघं मिळून ज्या जोडसुरात सोलो वाजवतात, तसं डॉकनमध्ये कुठे आहे, असं तिचं म्हणणं. "ताई, एकट्या लिंचवर बँड चालतो का?"

मी तिला म्हटलं की रॅटची जोडी अप्रतिम आहे, 'राउंड अँड राउंड'चा सोलो तर मला पाठ आहे. पण 'बॅक फॉर द अटॅक'मधलं 'मिस्टर स्केअरी' तिनं नीट ऐकलेलं नाही. त्यात गाणारा नाही, शब्द नाहीत, सगळं ओझं लिंचच्या गिटारवर आहे. ती म्हणाली, ऐकलंय, फोनच्या स्पीकरवर. दुकानात एक डेक अजून चालू ठेवलाय मी, हेड जागेवर आहे, बेल्ट नवा आहे. शनिवारी ती गिटार न्यायला येईल. दोन हेडफोन काढून ठेवलेत. त्यानंतरही तिचं मत तेच राहिलं, तर पुढच्या सर्व्हिसिंगला ती 'आउट ऑफ द सेलर' आणेल आणि वाद तिथून पुढे चालू होईल.